जमीलाचा वर्ग

'माइंड युअर लँग्वेज' आठवते ना, मैत्रिणींनो? लंडनमधला इंग्रजी शिकवणीचा वर्ग, वैतागलेले ब्राऊन सर आणि सतत विणकाम करणारी जमीला! १९७७ साली सुरू झालेली ही ब्रिटिश मालिका लहानपणी शेजारच्यांकडे व्हिडिओ कॅसेटवर बघून आम्ही पोट धरून हसायचो. १९९३ मध्ये पंकज कपूरचं 'जबान संभालके' आलं, तेव्हाही तेच.

आता मी घाटकोपरच्या वस्तीत बायकांना इंग्रजी शिकवते. परवा एकीचं वाक्य चुकलं, सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. शेवटी घरी जाऊन समजूत काढली, तेव्हा आली. जमीला चुकायची, पण वर्ग चुकवायची नाही, हे तेव्हा कुठे कळलं होतं? मैत्रिणींनो, हसा जरूर. पण चुकणारीला आधी जवळ बसवा.