दिवा पोहोचतो तेवढाच वेग

उसाचा हंगाम सुरू झाला की ढोकीच्या रस्त्यांचे रूप बदलते. तेरणा साखर कारखान्याचे हे गाव. लातूर-मुरुडकडून येडशी-बार्शीकडे जाणारा रस्ता इथूनच जातो. दिवसभर धावणाऱ्या एसटी, जीप, मोटारसायकलींच्या गर्दीत आता दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि टायरगाड्यांची भर पडते. रात्री तर ही वाहतूक जास्तच. ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला ऊस मागचा दिवा झाकून टाकतो, परावर्तक असलाच तर चिखलाने माखलेला असतो. एखादी ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी राहते. तिच्यामागे खूण म्हणून दोन-चार दगड ठेवले जातात. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात.

या दृश्याचा शेवट सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात होतो. मोटारसायकलवरचा तरुण, डोक्याला मार, सोबत घाबरलेले नातेवाईक आणि एकच वाक्य: ‘समोरचं काही दिसलंच नाही.’ हे वाक्य बहुतेक वेळा खरे असते. पण ते नशिबावर ढकलून सोडून देण्यासारखे नाही, कारण त्यामागे साधे गणित आहे.

समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत माणसाला साधारण दीड सेकंद लागतो. डोळ्याने पाहायचे, मेंदूने ओळखायचे, स्नायूंना हुकूम द्यायचा, याला तेवढा वेळ जातोच. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन या दीड सेकंदात २५ मीटर पुढे गेलेले असते. रस्ता कोरडा आणि ब्रेक उत्तम असले तरी पूर्ण थांबायला त्यापुढे सुमारे २० मीटर लागतात. म्हणजे एकूण ४५ मीटर. वेग ८० असेल तर हेच अंतर ७० मीटरच्या घरात जाते. आणि समोरून वाहन येत असताना दिवा खाली केला, तर बिनदिव्याची काळपट ट्रॉली जेमतेम ३० ते ४० मीटरवर दिसते. म्हणजे ६०च्या वेगाने जाणारा माणूस ट्रॉली दिसण्याआधीच हरलेला असतो. ब्रेक कितीही दाबला तरी धडक ठरलेली.

त्यात समोरच्या गाडीच्या प्रखर दिव्याने डोळे दिपतात. नजर पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात, वय वाढलेल्यांना आणि मोतीबिंदू असलेल्यांना त्याहून जास्त. ६०च्या वेगाने तीन सेकंद डोळे दिपले, तर ५० मीटर अंतर जवळजवळ आंधळेपणाने कापले जाते.

बचावात्मक वाहन चालवणे म्हणतात ते याच ठिकाणी सुरू होते. त्याचा अर्थ भित्रेपणाने गाडी चालवणे नव्हे. समोरचा चुकणार आहे असे गृहीत धरून स्वतःच्या हातात थांबण्याइतके अंतर राखणे, एवढाच त्याचा अर्थ. रात्रीचा नियम एका ओळीचा आहे: आपला दिवा जिथवर पोहोचतो, त्या अंतरात थांबता येईल तेवढाच वेग. डिपरवर असताना तो ताशी ४०च्या आसपास येतो. डोळे दिपले की ॲक्सिलरेटर सोडावा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी. पुढच्या वाहनापासून किमान तीन सेकंदांचे अंतर ठेवावे. पुढचे वाहन एखादे झाड ओलांडते, तिथून ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणून झाल्यावरच आपण त्या झाडापाशी पोहोचावे. ट्रॉलीला ओलांडताना जोडीला दुसरी ट्रॉली आहे हे विसरू नये.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: दिवा नसलेली ट्रॉली ही ट्रॉलीवाल्याची चूक, मग सावकाश आम्ही का जायचे? आक्षेप बिनबुडाचा नाही. ट्रेलरच्या मागे लाल परावर्तक असणे नियमाने बंधनकारक आहे. परावर्तक पट्टीचा खर्च एका खेपेच्या उसापुढे काहीच नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच. तिथेच पट्टी आणि दिवा पाहिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, असा नियम कारखान्यांनी केला तर पोलिसांची गरजही पडणार नाही. ती जबाबदारी कारखान्यांनी आणि परिवहन विभागाने घेतलीच पाहिजे. पण चूक कोणाची याचा निवाडा नंतर पंचनाम्यात होतो, कवटीला तो कळत नाही. ट्रॉलीवाल्याला शिक्षा झाली म्हणून गेलेला मुलगा परत येत नाही.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यातले शंभरात सुमारे ४४ दुचाकीवरचे होते. हेल्मेट नसलेल्या मृतांचा आकडाच ५०,०२९ होता. ‘गावातल्या गावात कशाला हेल्मेट’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. चांगले हेल्मेट जीव जाण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका जवळपास ७० टक्क्यांनी कमी करते. मात्र हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा. आरशाला टांगलेले हेल्मेट फक्त आरशाचे रक्षण करते. मागे बसलेल्या बायकोलाही कायद्याने ते लागतेच, आणि तिची कवटी काही वेगळ्या हाडाची नसते.

अपघात झालाच, तर १०८ ला फोन करावा. जखमीला ओढून उचलू नये, मान सरळ ठेवावी, वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावे, बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवून ठेवू शकत नाही. २०१९च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने त्याला संरक्षण दिले आहे. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. डोक्याला मार लागलेला माणूस कधी कधी उठून बसतो, बोलतो, चहा पितो आणि काही तासांनी कोसळतो. कवटीच्या आत हळूहळू साचणारे रक्त मेंदूवर दाब देत असते. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. मेंदूची शस्त्रक्रिया लागली तर ढोकीतून लातूर किंवा सोलापूर गाठावे लागते, आणि तो वेळ आधीच मोजून ठेवलेला बरा.

नवरात्र, कोजागरीला याच जिल्ह्यातून तुळजापूरकडे हजारो भाविक रात्री पायी चालतात, तेव्हा वाहनचालक आपोआप वेग कमी करतात. रस्त्यावर माणसे आहेत हे त्यांना ठाऊक असते. उसाच्या हंगामातही अंधारात काहीतरी उभे आहेच, असे समजून गाडी चालवली तर घरी दहा मिनिटे उशिरा पोहोचता येईल. पोहोचता येईल, हे महत्त्वाचे.