बेतलेला विधी आणि दिलेला शब्द

विवाहाचा विधी ज्याचा त्याने आपल्या मापाने बेतून घ्यावा, ही कल्पना अमेरिकेत आता नवलाची राहिलेली नाही. समुद्रकिनारा, द्राक्षमळा, भाड्याचे सभागृह यांपैकी हवे ते स्थळ निवडावे. प्रतिज्ञा वधूवरांनी स्वतः लिहाव्यात. बायबलमधील उताऱ्यांच्या जोडीला आवडती कविता घ्यावी. आणि हे सारे पार पाडण्यास झगा घातलेला, आशीर्वाद देणारा कॅथलिक धर्मगुरूही लाभावा. असा धर्मगुरू रोमच्या आज्ञेत नसतो. तो स्वतःला 'स्वतंत्र कॅथलिक' म्हणवतो आणि लग्न ठरलेल्या जोडप्याबरोबर बसून विधीची आखणी करतो. त्याच्याविषयी दोन मते प्रचलित आहेत. एका मते तो तोतया आहे, दुसऱ्या मते मुक्तिदाता. दोन्ही पक्षांचे लक्ष धर्मगुरूच्या अधिकारावर खिळलेले आहे. त्या मांडवात जे शब्द उच्चारले जातात त्यांचे काय होते, हा खरा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

'तोतया' हा आरोप इतिहासापुढे टिकणारा नाही. १७२४ साली रोमच्या संमतीवाचून उत्रेख्तच्या आर्चबिशपची दीक्षा झाली आणि तेथून एका स्वतंत्र परंपरेचा आरंभ झाला. या इतिहासात गोव्याचाही वाटा आहे, याची जाणीव मराठी वाचकाला क्वचितच असते. वेर्णे येथे १८३६ साली जन्मलेले आंतोनियु फ्रांसिश्कु शाव्हियर आल्व्हारिश हे पाद्री पोर्तुगीज 'पाद्रुआदु' आणि रोमची धर्मप्रचारसंस्था यांच्यातील अधिकारकलहात रोमपासून दूर झाले. १८८९ साली केरळातील सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेकडून त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. १८९२ साली कोलंबो येथे त्यांनी जोझेफ रने विलात यांना दीक्षा दिली. अमेरिकेतील अनेक स्वतंत्र कॅथलिक गट आपली बिशपपरंपरा याच विलातपर्यंत नेऊन भिडवतात. कॅलिफोर्नियाच्या वाळूवर एखाद्या जोडप्याला आशीर्वाद देणाऱ्या हाताची वंशावळ अशा रीतीने एका गोमंतकीय पाद्र्यापर्यंत पोचू शकते. दीक्षा देणारा आज्ञाभंजक असला म्हणून संस्कार आपोआप निष्फळ ठरत नाही, हा सिद्धान्त तर संत ऑगस्टीनपासून पाश्चात्त्य ख्रिस्तसभेनेच जपलेला आहे.

मात्र या वंशावळीत एक बोचरी तुलनाही दडलेली आहे. आल्व्हारिश यांना स्वातंत्र्याची किंमत मोजावी लागली. गोव्यात त्यांना अटक झाली, त्यांची विटंबना झाली, आणि १९२३ साली मृत्यू येईपर्यंत ते रोग्यांची व दरिद्री लोकांची सेवा करीत राहिले. त्यांच्या स्वातंत्र्याला किंमत होती. त्यांच्या काही दूरस्थ वारसांच्या स्वातंत्र्याला दरपत्रक आहे.

या वारसांच्या दाराशी येते कोण? घटस्फोट झालेला, पण पहिला विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय धर्मन्यायालयाकडून न मिळालेला माणूस येतो. एक ज्यू आणि एक कॅथलिक असे जोडपे येते. २०१५ नंतर ज्यांना सबंध अमेरिकेत राज्यसत्तेने विवाहाचा हक्क दिला, पण ख्रिस्तसभेने दिला नाही, असे समलिंगी जोडीदार येतात. आणि ज्याला चर्चऐवजी सूर्यास्ताची पार्श्वभूमी हवी आहे, असा हौशी वरही येतो. कारण कॅथलिकांचा विवाह सामान्यतः चर्चमध्येच व्हावा असा रोमचा नियम आहे. पहिल्या तिघांना दार बंद झालेले असते, चौथ्याला केवळ देखावा बदलायचा असतो. या दोन गरजांना 'वैयक्तिक विवाहसोहळा' असे एकच नाव देणे, हीच या व्यवसायातील पहिली फसगत होय.

रोमची बाजूही निष्कलंक नाही. धर्मगुरूच्या उपस्थितीवाचून विवाह वैध नाही, हा नियम येशूच्या काळापासून चालत आलेला नाही. तो १५६३ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने केला. तोवर वधूवरांची परस्परसंमती हीच विवाह घडवीत असे. गुप्त विवाह निषिद्ध होते, पण अवैध नव्हते. लॅटिन परंपरा आजही मानते की विवाहसंस्कार वधूवर एकमेकांना देतात. धर्मगुरू हा ख्रिस्तसभेचा अधिकृत साक्षीदार असतो. गुप्त विवाहांतून होणारी फसवणूक, विशेषतः टाकून दिलेल्या स्त्रियांची दैना रोखण्यासाठी साक्षीदाराची अट आली, आणि ती योग्यच होती. पण संरक्षणासाठी बांधलेली भिंत पुढे हाकलून देण्याच्या कामी आली, हे नाकारता येत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये रोमने एक घोषणापत्र काढले. ज्यांचे संबंध ख्रिस्तसभेच्या दृष्टीने नियमबाह्य आहेत अशा जोडप्यांना, समलिंगी जोडप्यांनाही, आशीर्वाद देण्याची मुभा त्याने दिली. परंतु तो आशीर्वाद उत्स्फूर्त असावा, त्याला विधीचे निश्चित रूप देऊ नये, विवाहाचा आभास निर्माण होऊ नये, असे बजावले. या अटीचा अर्थ साहित्याच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावा. ज्यांना प्रतिष्ठा द्यायची त्यांना ठरलेले शब्द द्यायचे, आणि ज्यांना ती नाकारायची त्यांना शब्दांचे 'स्वातंत्र्य' द्यायचे! निश्चित संहिता हीच मान्यतेची खूण आहे, हे सत्य रोमने नकळत उघड केले.

आणि नेमक्या याच ठिकाणी स्वतंत्र धर्मगुरू चुकतो. नाकारलेले जोडपे त्याच्याकडे येते ते इतरांना मिळालेले शब्द आपल्यालाही मिळावेत म्हणून. तो मात्र त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवतो आणि 'तुम्हाला हवे ते लिहा' असे सांगतो. रोमने जे त्यांना तुच्छतेने देऊ केले, तेच तो सौजन्याने देऊ करतो.

स्वतःची प्रतिज्ञा स्वतः लिहिण्यात गैर काय, असे विचारले जाईल. गैर हे की लिहिणाऱ्याला जे ठाऊक असते तेवढेच तो लिहितो. भेट कोठे झाली, पहिल्या प्रवासात पाऊस कसा लागला, कोणाचे कोणते हसू कोणाला आवडले, हा सारा मजकूर भूतकाळाचा आहे. प्रतिज्ञा भविष्याविषयी असते. परंपरेतील विवाहप्रतिज्ञा आजार, दैन्य आणि मृत्यू यांची नावे घेते. ऐन लग्नाच्या दिवशी या तिघांना मांडवात बोलावण्याचे धैर्य कोणत्याही वधूवरांना स्वतःहून होणार नाही. ते धैर्य पिढ्यांनी कमावलेले असते आणि संहितेत साठवून ठेवलेले असते. मराठीत वचनाला 'शब्द देणे' म्हणतात, आणि दिलेला शब्द फिरवणाऱ्याला समाज जाब विचारू शकतो, कारण तो शब्द सर्वांना परिचित असतो. केवळ दोघांनाच कळणारा शब्द मोडला, तर साक्षीदारांनी काय आठवून द्यायचे?

यावर महाराष्ट्रातून एक समर्थ आक्षेप येऊ शकतो. महात्मा फुले यांनी पुरोहित नाकारला आणि विवाहाचे शब्दही नवे रचले, मग अमेरिकेतील जोडप्याने तेच केले तर दोष कसला? उत्तर फुल्यांच्या कृतीतच आहे. १८७३ साली सत्यशोधक पद्धतीचे विवाह सुरू झाले आणि १८८७ साली फुल्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधींचे पुस्तक छापून प्रसिद्ध केले. त्यांतील वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर ते मान्य करण्याची शपथ वाहतो. ही मागणी एका वधूची नव्हे, ती सर्व वधूंची आहे; म्हणूनच ती छापावी लागली. फुल्यांनी जुना विधी मोडून एका समाजाला नवा विधी दिला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' सिद्ध केले, तेव्हाही परक्या मुलखातील कथा दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांतून साऱ्या श्रोतृवर्गासाठी उतरली. नवे शब्द घडवणे आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळे शब्द शिवणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

परंपरेतही निवडीला जागा नाही असे नाही. १९६३ च्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने स्थानिक चालीरीती जपण्यास आणि संमती विचारण्याचा गाभा राखून प्रदेशागणिक विवाहविधी रचण्यासही अनुमती दिली. सुधारित रोमन विधीत वाचनांचे व प्रार्थनांचे अनेक पर्याय आहेत. म्हणजे वैयक्तिकतेला वाव आहे, पण घराच्या आत. घर मात्र सर्वांचे. भारताच्या बहुतांश भागात लागू असलेला १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदाही हेच गृहीत धरतो. बिशपकडून दीक्षा मिळालेल्या धर्मगुरूला विवाह लावण्याचा अधिकार तो देतो, पण त्या धर्मगुरूच्या स्वतःच्या ख्रिस्तसभेच्या नियमांनुसार व विधींनुसारच. अधिकार नसताना ख्रिस्ती विवाह लावणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षाही त्यात सांगितली आहे. विधी हा जोडप्याचा नसून समाजाचा असतो, हे एका वसाहतकालीन कायद्याला समजले होते.

म्हणून स्वतंत्र कॅथलिक धर्मगुरूंकडून दोन गोष्टींची मागणी केली पाहिजे. पहिली प्रामाणिकपणाची. कॅथलिक व्यक्तीने रोमची अनुमती न घेता त्यांच्यासमोर केलेला विवाह रोम वैध मानत नाही, ही गोष्ट पैशाची बोलणी होण्यापूर्वी त्यांनी लेखी सांगावी. राज्याच्या परवान्यावर सही झाली की विवाह कायदेशीर होतो, परंतु वधूच्या आजीला ज्या अर्थाने 'कॅथलिक लग्न' हवे असते तो अर्थ त्या सहीत नसतो. दुसरी मागणी संहितेची. प्रत्येक स्वतंत्र ख्रिस्तसभेने आपला विवाहविधी छापावा आणि घटस्फोटितांपासून समलिंगी जोडीदारांपर्यंत सर्वांना तोच, पूर्ण, एकही वाक्य न गाळता द्यावा. ज्याला बाहेर ठेवले गेले त्याला इतरांसारखेच शब्द उच्चारायला मिळणे, यात खरा न्याय आहे. फुले आणि मजकूर यांची सरमिसळ करून विकणाऱ्याला समारंभांचा आयोजक म्हणावे. त्या व्यवसायातही अप्रतिष्ठा नाही. पण त्याने धर्मगुरूचा झगा उतरवून ठेवावा.