आमच्या घरी समुद्र

अमरावतीची नात परवा अकोल्याला आली ती समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेऊनच. "आबा, आजीचे केस दाट होतील, थायरॉईडलाही चांगल्या!" आता वऱ्हाडात समुद्र नसला तरी शेवाळ नवे नाही. उन्हाळ्यात दुधात थिजवतो तो चायना ग्रास लाल शेवाळातूनच काढतात. तो खुशाल खावा. गोळ्यांचे तसे नाही. शेवाळात आयोडीन भरपूर असू शकते. ते कमी पडले तर गलगंड, जास्त झाले तरी थायरॉईड बिघडते. शिवाय आयोडीनचे मीठ घरात आहेच. सौ. थायरॉईडची गोळी रोज घेते. म्हणून डॉक्टरांना दाखवेपर्यंत डबी कपाटात ठेवली. नात रुसली. रुसू दे! तिची माया खरी, पण जाहिरात म्हणजे डॉक्टर नव्हे. तुम्हाला काय वाटते?