प्लेगचं औषध टोमॅटोवर मारू नका

सुरतेत राहणाऱ्या आणि गावाकडे शेती असलेल्या प्रत्येक मराठी घरासाठी

ज्यांनी सप्टेंबर १९९४ सुरतेत काढला, त्यांना टेट्रासायक्लीन हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्या पावसाळ्यात पुराचं पाणी वस्त्यांतून ओसरलं, घाण मागे राहिली आणि वेड रोडच्या बाजूने प्लेगची बातमी आली. दोन-चार दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. उधना स्टेशनात भुसावळकडे निघालेल्या गाडीच्या दारांना माणसं लोंबकळत होती. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. वडील रात्रभर मेडिकलांच्या दारात फिरले. टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल सगळीकडे संपल्या होत्या. पहाटे कुठूनतरी एक पाकीट मिळालं. आईने ते देव्हाऱ्यात कुंकवाच्या कोयरीशेजारी ठेवलं आणि मोजून एकेकाच्या हातावर दिलं.

टेट्रासायक्लीन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही प्लेगवरची दोन जुनी, खात्रीची औषधं. स्ट्रेप्टोमायसिन तर टीबीवर चाललेलं पहिलं औषध. १९४३ मध्ये अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं आणि त्याने किती घरं वाचवली याची गणती नाही. लूमच्या खात्यात खोकत काम करणारा माणूस आपण सगळ्यांनीच जवळून पाहिलेला आहे, म्हणून टीबीचं नाव मी मुद्दाम घेतो.

गेल्या पौषात थोरल्या भावाकडे, नवापूरच्या बाजूला गेलो होतो. त्याच्या पडवीत पंपाशेजारी सहा ग्रॅमच्या रिकाम्या पुड्या पडल्या होत्या. एक उचलून वाचली. स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट ९० टक्के, टेट्रासायक्लीन हायड्रोक्लोराइड १० टक्के. आईने देव्हाऱ्यात ठेवलेलं ते औषध इथे टोमॅटोवर मारून झालं होतं.

“अण्णा, हे कशाला मारलं?”

“करप्याला. दुकानदाराने काढून दिलं. सगळेच मारतात.”

आम्ही प्लॉटमध्ये गेलो. खालच्या पानांवर तपकिरी डाग होते. एक पान तोडून उजेडात धरलं, तर डागाच्या आत एकात एक वर्तुळं दिसली, ओंडका करवतीने कापल्यावर दिसतात तशी. हा लवकर येणारा करपा, अल्टरनेरिया नावाच्या बुरशीचा. ती बुरशी आहे, जिवाणू नाही. अँटिबायोटिक जिवाणूला मारतं, बुरशीच्या केसालाही त्याने धक्का लागत नाही. अण्णाने तीन वेळा पंप पाठीवर घेतला, तीन वेळा पैसे घातले आणि करपा होता तिथेच राहिला.

चूक अण्णाची नाही. ज्याने डाग न बघता, पान न मागता, “करपा आहे ना? हे घ्या” म्हणत तीन पाकिटं काउंटरवर ठेवली, चूक त्याची आहे. आणि ही पुडी इतकी वर्षं दुकानात राहू दिली, त्या कारभाराची आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या कृषी मंत्रालयाने आदेशाचा मसुदा काढला. या दोन औषधांची शेतीसाठी आयात आणि उत्पादन १ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आणि १ जानेवारी २०२४ पासून वापरही पूर्ण बंद, असं त्यात लिहिलं होतं. ती तारीखही मागे पडली आणि गेल्या पौषात मी पडवीतून पुड्या वेचत होतो. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आहे, अर्धं गुजरातेत. पुडीला कोणती हद्द अडवणार? दोन्ही राज्यांच्या कृषी खात्यांनी दुकानांची तपासणी करावी, ही माझी मागणी आहे.

कुणी म्हणेल, बुरशीला नाही तर निदान जिवाणूच्या रोगाला तर चालेल ना? टोमॅटोवर जिवाणूचे ठिपके येतात, हे खरं. पण फ्लोरिडातल्या शेतकऱ्यांनी १९५० च्या दशकात टोमॅटो-मिरचीवर स्ट्रेप्टोमायसिन मारायला सुरुवात केली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिथले ठिपक्यांचे जिवाणू त्या औषधाला सरावले. औषध गेलं, रोग राहिला. सरावलेला जिवाणू आपली ही विद्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देतो. मातीत, पाटाच्या पाण्यात, शेणात, फवारणाऱ्याच्या हातावर हा व्यवहार चालू असतो. उद्या ही विद्या मिळालेला एखादा जिवाणू माणसाच्या अंगात शिरला आणि डॉक्टरने तेच औषध लिहून दिलं, तर काय होईल, याचा विचार १९९४ पाहिलेल्या शहराने तरी करायलाच हवा.

राहिली मर. ही सगळ्यात वाईट. हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं, रात्री सावरतं आणि चार दिवसांत उभ्या उभ्या वाळतं. ती जिवाणूची आहे की बुरशीची, हे घरात बसून कळतं. झाड उपटा, बुंध्याजवळचा दोन बोटं लांब तुकडा स्वच्छ कापा आणि काचेच्या ग्लासातल्या नितळ पाण्यात वरच्या बाजूने धरून ठेवा. हलवू नका. जिवाणूची मर असेल तर काही मिनिटांत कापातून दुधासारखी बारीक धार खाली उतरताना दिसते, उदबत्तीचा धूर उलटा खाली निघावा तशी. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ग्लास हातातून ठेववेना. ती धार म्हणजे लाखो जिवाणू. ते झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसलेले असतात. पानावर मारलेला फवारा तिथे पोचतच नाही. बुरशीची मर असेल तर धार येत नाही. खालची पानं आधी पिवळी पडतात आणि खोड चिरलं की आत तपकिरी रेषा दिसते.

जिवाणूच्या मरीवर औषध नाही, हे कडू सत्य दुकानदाराने सांगायला हवं होतं. झाड मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट काढून बांधाबाहेर जाळा. त्या झाडाचं पाणी पुढच्या सरीत जाऊ देऊ नका. पाटपाण्यासोबत रोग प्लॉटभर फिरतो, ठिबकावर कमी फिरतो. फुटवे काढणाऱ्याने विळा-कात्री निर्जंतुक केल्याशिवाय पुढच्या झाडाला लावू नये. त्या रानात पुढे वांगी, मिरची, बटाटा घेऊ नका, ही सगळी एकाच घरची पिकं आहेत. मका घ्या, ज्वारी घ्या, भाताचं रान असेल तर भात घ्या. आणि पुन्हा टोमॅटो लावायचा असेल तर वाण बघून लावा. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचा अर्का रक्षक पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूची मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींपुढे तग धरतो. मरीपुढे तग धरणाऱ्या वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम हाही उपाय आहे. रोप महाग पडतं, पण मरीच्या रानात त्याचा मोठा आधार आहे.

करप्याचं वेगळं आहे. त्याला थोपवता येतं, मात्र आधीपासून. बियाणं ५० अंश गरम पाण्यात २५ मिनिटं ठेवून सावलीत सुकवा. पाण्यात थर्मामीटर हवाच, अंदाजाने केलं तर बी मरतं. ट्रायकोडर्मा शेणखतात मुरवून लागवडीच्या वेळी द्या. ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे, तेव्हा त्याच्या पाठोपाठ बुरशीनाशकाची आळवणी केली तर पैसे मातीत गेले म्हणून समजा. झाडं तारेला बांधा, जमिनीला टेकणारी पानं काढून टाका, दाट लावू नका. सकाळी पानं दवाने ओली असताना फुटवे काढायला जाऊ नका, रोग आपल्याच बोटांनी झाडोझाड जातो. या गोष्टींना पुडी लागत नाही, म्हणून त्या दुकानात कुणी सांगत नाही.

बोर्डो मिश्रण माझ्या आजोबांना येत होतं, मला शिकावं लागलं. फ्रान्सच्या बोर्डो भागात द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून वेलींवर मोरचूद-चुना मारत. त्या वेलींवर केवडा रोग कमी आलेला मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिला आणि १८८५ मध्ये ते औषध जगापुढे मांडलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. कोवळ्या रोपांना त्याहून पातळ. प्लास्टिकच्या ड्रमात वेगवेगळं कालवा, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता, लोखंडी भांडं वापरू नका. झालं की घासलेला विळा त्यात बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला, नाहीतर पानं जळतील. केलेलं त्याच दिवशी संपवा. बुरशीवर आणि जिवाणूच्या ठिपक्यांवर, दोन्हींवर ते चालतं. मात्र तांबंही निष्पाप नाही, ते मातीत साठतं. युरोपने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. दर आठवड्याला मारायची ही वस्तू नव्हे.

डिसेंबर-जानेवारीत सलग धुकं पडलं की उशिरा येणारा करपा प्लॉट दोन-तीन दिवसांत काळा करतो. १८४५ च्या सुमारास आयर्लंडमध्ये बटाटा कुजवून ज्याने दुष्काळ आणला, तोच हा रोग. तेव्हा शिफारस असलेलं बुरशीनाशक मारावं लागेल आणि मी ते मारू नका म्हणणार नाही. पण एकच औषध, लेबलवरच्या मात्रेत, तोंडाला फडकं आणि हातात मोजे घालून. आणि काढणीआधी जितके दिवस थांबा म्हणून छापलं आहे, तितके दिवस थांबून. तीन-चार पाकिटं एका पंपात घोळू नका. २०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारताना शेतकरी आणि मजूर मेले, ते विसरायला फार वर्षं झालेली नाहीत.

आता सुरतेतल्या ताई-माईंना. सरदार मार्केटातून आलेला टोमॅटो हातगाडीवर निवडताना आपण डाग असलेला बाजूला सारतो. व्यापारी तेच बघून कॅरेटचा भाव पाडतो आणि तिकडे शेतकरी घाबरून आणखी एक पंप मारतो. देठाजवळ एखादा कोरडा, वरवरचा ठिपका असलेला टोमॅटो घ्यायला हरकत नाही. तेवढा भाग कापून टाका, बाकीचा भाजीत चालतो.

“पीक गेलं तर तू भरून देणार का?” असं अण्णाने मला विचारलं. मी देऊ शकत नाही. म्हणून त्याला मी पुडी सोड एवढंच सांगून थांबलो नाही, त्याच्याबरोबर बांधावर बसून विळा बुडवला, ग्लासात खोड धरलं. तुम्हीही या दिवाळीला गावी जाल तेव्हा हे पत्रक घेऊन जा आणि वाचून दाखवा.

रोग ओळखता येत नसेल तर आजारी झाड मुळासकट उपटा, ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळा. पॉलिथिनच्या पिशवीत घालू नका, वाटेतच कुजेल. सुरतेकडच्यांनी अठवा फार्मवरच्या नवसारी कृषी विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावं, गावाकडच्यांनी आपल्या जिल्ह्याच्या केंद्रात. त्याच दिवशी, दुकानात जायच्या आधी.