लॉगिन गुरुजींचं की शाळेचं?

शिक्षक मित्रांनो, 'सरल' २०१५ ला आलं, तरी कित्येक शाळांचा पासवर्ड अजून एकाच गुरुजींच्या मोबाईलमध्ये आहे. बदली झाली की ओटीपीही त्यांच्यासोबत जातो. मग जेऊर भागात ऊसतोडीला आलेलं पोरगं आपल्या वर्गात बसतं, पण मूळ शाळेचं लॉगिन उघडत नाही म्हणून नाव तिकडंच!

लॉगिन अडलं तर आधी यू-डायसचे ११ अंक मोजा (आपल्या जिल्ह्याचे २७३० ने सुरू होतात). कॅप्स लॉक बघा, कीबोर्ड मराठीवर नाही ना तेही. उगाच दहादा पासवर्ड मारत बसू नका, गटसाधन केंद्रातून रीसेट करून घ्या. आणि कार्यभार देताना कपाटाच्या चाव्यांबरोबर नोंदणीचा मोबाईल नंबरही बदला. पालकांनो, तुम्हीही शाळेत विचारा, मुलाचं नाव ऑनलाइन कुठं दिसतंय?