शेलारचे माग आणि विद्यापीठांचे कर्तव्य

भिवंडीचा नदीनाका ओलांडून वाड्याच्या रस्त्याला लागले की शेलार येते. महानगरपालिकेची हद्द संपून ग्रामपंचायतीची सुरू झाली, हे केवळ फलकावरून समजते. यंत्रमागांचा खडखडाट दोन्हीकडे सारखाच आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतले कापड ज्या पट्ट्यातील गाळ्यांत विणले जाऊ लागले, त्या पट्ट्याचेच हे गाव. उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेला कामगार येथे बारा-बारा तासांच्या पाळीत, मीटरमागे ठरलेल्या मजुरीवर, एकाच वेळी अनेक माग सांभाळतो. आठ तासांच्या कामाला ९० डेसिबल ही आवाजाची कमाल मर्यादा; तो ९५ झाला तर चार तास आणि १०० झाला तर दोनच तास, असा हिशेब कारखाना कायद्याखालच्या नियमांनी घालून दिला होता. यंत्रमागाच्या गाळ्यात हा हिशेब कोणी करीत नाही. गाळ्यात माणसे खुणांनी बोलतात, आणि काही वर्षांनी गाळ्याबाहेरही मोठ्याने बोलू लागतात. मागावरून उडालेला धोटा डोळ्यावर बसतो, पट्ट्यात बोट सापडते, आणि जायबंदी माणूस गावी परततो. त्याच्या मागावर दुसरा उभा राहतो.

या माणसाला काय म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. डॉक्टर त्याच्या कानाचा दोष सांगतील, मालक त्याच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवतील, आणि २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी सुचविलेल्या शब्दाप्रमाणे सरकार त्याला ‘दिव्यांग’ म्हणेल. २०२२ साली महाराष्ट्रात जो स्वतंत्र विभाग स्थापन झाला त्याचे नावही दिव्यांग कल्याण विभाग असेच आहे. तुटलेल्या बोटात दिव्यत्व कोठून आले, हे विचारण्याची सोय त्या शब्दात नाही. ते बोट कोणी तोडले, हे विचारण्याची तर नाहीच.

हे दोन्ही प्रश्न विचारणारी एक ज्ञानशाखा जगात गेली पन्नास वर्षे वाढत आहे. इंग्रजीत तिला ‘डिसॅबिलिटी स्टडीज’ म्हणतात; मराठीत ‘अपंगत्व-अभ्यास’ म्हणावे. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, कायदा, वैद्यक आणि वाङ्मय या सर्वांकडून ती घेते, आणि सर्वांना एकच उलटा प्रश्न टाकते : दोष शरीरात असेल, पण अडवणूक कोण करते? दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीचा २०१६ चा कायदा सर्वांच्या परिचयाचा आहे तो त्यातील २१ प्रकारांमुळे आणि उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागांमुळे. त्याच कायद्याच्या ४७ व्या कलमाचे दुसरे पोटकलम मात्र फारसे कोणी वाचलेले नाही. देशातील सर्व विद्यापीठांनी अपंगत्व-अभ्यासाच्या अध्यापनाला व संशोधनाला चालना द्यावी आणि त्यासाठी अभ्यासकेंद्रे स्थापावीत, असे ते सांगते. ‘इच्छुक विद्यापीठांनी’ असे त्यात म्हटलेले नाही. ‘सर्व’ असे म्हटले आहे. हा कायदा एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे.

या शाखेचा उगम पाहिला तर समाजवादी कार्यकर्त्याला ती परकी वाटण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये ले कोर्ट नावाच्या चेशायर होममध्ये पूर्वी राहिलेल्या पॉल हंट या अपंग माणसाने १९७२ साली ‘गार्डियन’मध्ये एक पत्र लिहिले आणि दयेवर चालणाऱ्या संस्थांत कोंडलेल्या अपंगांनी स्वतःची संघटना उभारावी, असे आवाहन केले. (त्याच चेशायर संस्थेचे घर मुंबईत अंधेरीला १९५० च्या दशकातच उघडले होते. दया आपल्याकडे लवकर पोहोचली. बंडाला पुढे कित्येक दशके लागली.) हंटच्या जोडीला आला व्हिक फिंकेलस्टाइन. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध लढल्याबद्दल तुरुंगवास भोगून तो १९६८ साली इंग्लंडला आला होता. कातडीच्या रंगावरून माणसाचे दार बंद करणारी व्यवस्था त्याने पाहिली होती. चाकाच्या खुर्चीवरून दार बंद करणारी व्यवस्था त्याला निराळी वाटली नाही. या मंडळींच्या संघटनेने १९७६ साली आपली मूलतत्त्वे छापली. शरीरातील उणीव वेगळी आणि त्या उणिवेवर समाजाने लादलेले अपंगत्व वेगळे, हा भेद त्यांत प्रथम स्वच्छपणे मांडला गेला. पुढे माइक ऑलिव्हर या समाजशास्त्रज्ञाने १९९० च्या आपल्या ग्रंथात त्याला ऐतिहासिक भौतिकवादाची जोड दिली. घरात आणि शेतात आपापल्या गतीने काम करणारी माणसे यंत्राच्या गतीला न पुरल्यामुळे कामातून बाहेर फेकली गेली आणि ‘अपंग’ नावाचा वर्ग औद्योगिक भांडवलशाहीने निर्माण केला, असा त्याचा सिद्धान्त आहे. तसे पाहता एंगल्सने १८४५ च्या पुस्तकात मँचेस्टरच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या हातपाय गमावलेल्या कामगारांची नोंद करून ठेवलीच होती. भिवंडीला ‘भारताचे मँचेस्टर’ म्हणून गौरविणाऱ्यांनी ती पाने जरूर वाचावीत.

या विषयाचा विद्यापीठीय अभ्यास ज्या शिक्षणक्रमापासून सुरू झाला असे सामान्यतः मानले जाते तो १९७५ साली निघाला इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठात, आणि त्याच्या घडणीत फिंकेलस्टाइनचा हात होता. नोकरी सांभाळून, घरी बसून शिकणाऱ्यांचे ते विद्यापीठ. लीड्सचे केंद्र, अमेरिकेत सिरॅक्यूज आणि शिकागो येथील पदव्या हे सारे नंतरचे.

आपल्याकडे काय झाले? हाजीअलीला भौतिकोपचार व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून आहे. बांद्र्याला वाचा व श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याने विशेष शिक्षक आणि श्रवणतज्ज्ञ यांच्या अभ्यासक्रमांना शिस्त लावली. या संस्थांचे काम मोलाचे आहे, पण त्या सर्वांची नजर शरीरावर आहे. समाजावर नजर रोखणारा पदव्युत्तर अभ्यास मुंबईत आला तो देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत. तिने या विषयाचे स्वतंत्र केंद्र काढून समाजकार्याच्या पदवीत त्याला स्थान दिले. ही नोंद आदराने केली पाहिजे. पण देवनारच्या वर्गाची भाषा इंग्रजी आहे आणि शेलारच्या गाळ्याची भाषा मराठी, उर्दू, तेलुगू आणि भोजपुरी आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातले. देशातल्या त्या सर्वांत पदवीधर वा त्यापुढे शिकलेले साडेबारा लाखांच्या आसपास. जो विषय ज्यांच्याविषयी आहे त्यांतल्या बहुतेकांना त्याच्या दारापर्यंतही येता येत नाही, तो विषय कितीही पुरोगामी असला तरी उपरा राहणार.

येथे कोणी म्हणेल की, ज्याला पोटाची भ्रांत आहे त्याला एम. ए. घेऊन काय करायचे आहे? आपल्या चळवळीतही असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा आक्षेप प्रामाणिक आहे. पण बोट तुटल्यावर त्या कामगाराचे काय होते ते पाहावे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या कोष्टकात प्रत्येक अवयवाची किंमत टक्क्यांत लिहिलेली आहे. अंगठा गेला तर ३०, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुना कायदा त्यांत विलीन झाला; कोष्टक मात्र टिकून राहिले. हे टक्के कमाईच्या क्षमतेचे आहेत, असे कायदा म्हणतो. आता विणकराचे काम डोळ्यांपुढे आणावे. तुटलेला धागा पकडायचा, ओढायचा, गाठ मारायची, आणि तोवर शेजारचा माग थांबू द्यायचा नाही. हे सारे अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत चालते. तर्जनी गेलेल्या विणकराची कमाई १४ टक्क्यांनी घटते हे कोणी, कोठे, कोणत्या मागावर मोजले? दुसरा तराजू २०१६ च्या कायद्याचा. तेथे राखीव जागांसारख्या लाभांसाठी ४० टक्क्यांची रेषा आहे आणि मोजमाप वैद्यकीय मंडळ करते. एकाच हाताला दोन तराजू, आणि विणकाम या शब्दाला दोन्हींत जागा नाही.

बहिरेपणाचे तर त्याहून विचित्र. संपूर्ण बहिरेपण त्या कोष्टकात शंभर टक्के धरले आहे. आवाजामुळे येणारे बहिरेपण व्यवसायजन्य रोगांच्या सूचीतही आहे. पण ते एका दिवसात, एका मालकाकडे येत नाही; दहा गाळ्यांत, वीस वर्षांत, कणाकणाने येते. ते कोणाच्या नावे टाकायचे? त्यातून नव्या संहितेत विजेवर चालणाऱ्या जागेला ‘कारखाना’ म्हणवून घेण्यासाठी वीस कामगार लागतात, आणि एका छपराखालच्या मागांचे कागदोपत्री चार तुकडे करणे ही या धंद्यातली जुनी रीत आहे.

न्यायालयांनी हा प्रश्न अधूनमधून ओळखलेला दिसतो. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले होते. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे अपंगत्व संपूर्ण आहे, असे न्यायालयाने मानले. इंग्लंडमधले अपंग त्याच सुमारास आपली मूलतत्त्वे लिहीत होते. एकाला दुसऱ्याची वार्ता नसताना दोघे एकाच ठिकाणी पोहोचले. २०२४ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितले की, केवळ टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरविता येणार नाही. तो माणूस ते शिक्षण घेऊ शकेल की नाही हे तपासावे लागेल. पण सुताराला जे मिळाले ते विणकराला मिळावे म्हणून मागासमोर उभे राहून त्याच्या हाताच्या हालचाली मोजणारा आणि नंतर आयुक्तापुढे साक्ष देणारा अभ्यासक लागतो. मालकाच्या बाजूला डॉक्टर असतो, वकील असतो, विमा कंपनीचा तज्ज्ञ असतो. कामगाराच्या बाजूला फार तर युनियनचा कार्यकर्ता असतो, आणि त्याच्याजवळ तळमळ असते पण मोजमाप नसते. पदव्युत्तर अभ्यासाची गरज पोटाच्या भ्रांतीतूनच येते ती अशी.

उलट दिशेनेही पाहिले पाहिजे. इंग्लंडच्या सिद्धान्ताने शरीरातील उणीव ही दिलेली गोष्ट मानली आणि समाजाला पकडले तो तिच्यानंतरच्या अडवणुकीबद्दल. शेलारमध्ये ती उणीवच समाजाने, मीटरमागे मजुरी देऊन, तयार केलेली असते. अमेरिकेत शिकविणाऱ्या भारतीय वंशाच्या निर्मला एरेवेलिस यांनी २०११ च्या ग्रंथात हाच मुद्दा जागतिक भांडवलाच्या संदर्भात मांडला आहे. भिवंडीतील एखाद्या विद्यार्थिनीने मराठीत किंवा उर्दूत मागाचा गाळा हे आपले अभ्यासक्षेत्र केले, तर तिला लीड्सकडून शिकायचे आहे तितकेच लीड्सला शिकवायचेही आहे.

आणि डाव्या चळवळीने या बाबतीत काय केले? गिरणी कामगाराची मजुरी, बोनस, घर यांसाठी ती लढली. त्याच्या कापसाने भरलेल्या छातीसाठी क्वचित लढली. त्याच्या कानांसाठी जवळजवळ कधीच नाही. अपंगांचा प्रश्न तिने मनातल्या मनात रोटरी क्लबाला आणि जयपूर फूटच्या शिबिरांना देऊन टाकला. निवडणुकीच्या तोंडावर तीनचाकी सायकली वाटणाऱ्यांना हसणे सोपे आहे. पण त्या सायकलीपलीकडची एकही मागणी आपल्या ठरावांत सापडत नसेल, तर त्या हसण्यात अर्थ नाही.

मागण्या दूरच्या नाहीत. भिवंडीची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. अधिसभेच्या सदस्यांनी कलम ४७(२) खाली विद्यापीठाने काय केले याचा लेखी जाब मागावा. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीत, नोकरी करणाऱ्यांना शिकवीत आले आहे. इंग्लंडमध्ये हा विषय ज्या प्रकारच्या विद्यापीठात जन्मला त्याच प्रकारचे ते आहे, आणि मराठीतला पदव्युत्तर अभ्यासक्रम तेथून निघणे सर्वांत स्वाभाविक. त्यात यंत्रमाग, ऊसतोडणी, वीटभट्टी आणि गटारसफाई यांवर स्वतंत्र अभ्यासपत्रिका असावी, आणि बोट गमावलेल्या माणसाला शिकवायलाही बोलवावे, नुसते दाखवायला नव्हे. त्याच ४७ व्या कलमाचे पहिले पोटकलम पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणात अपंगांच्या हक्कांचा अंतर्भाव सक्तीचा करते. राज्याच्या आदेशाप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग अपंगांसाठी खर्चायचा असतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो वर्षाअखेरीस माणशी थोडी रक्कम वाटून संपविला जातो. शेलारसारख्या गावात त्यातला काही भाग मागांच्या गाळ्यांत आवाज मोजण्यावर आणि कामगारांच्या कानांची तपासणी करून तिची नोंद ठेवण्यावर खर्च करता येईल का, हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत विचारता येतो.