फाटक्या आवाजाची बाजू

मंडळी, आज जरा भांडायला बसलोय. ज्याच्याशी भांडायचे आहे तो पुण्याचा पुतण्या हे वाचतो, म्हणून नाव घेत नाही. घरच्यांना कळेलच!

झाले असे, की आमचा नातू इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. घर शहाद्यातले, शेजाऱ्याची आणि आमची भिंत एकच. मोठा अँप लावायची सोय नाही. म्हणून त्याने साठवलेल्या पैशांतून एक अँप मॉडेलर घेतले. म्हणजे अँपची नक्कल करणारी डबी. गिटारची वायर डबीत, डबीची कॉम्प्युटरला, कानाला हेडफोन. पहिले रेकॉर्डिंग त्याने कौतुकाने पुतण्याला पाठवले. त्याचा फोन आला, "काका, नुसत्या माशा घोंगावताहेत. या डब्यांत दम नसतो. डिस्टॉर्शन पाहिजे तर व्हॉल्व्हचा खरा अँप पाहिजे, स्टुडिओ पाहिजे. शहाद्यात बसून हे व्हायचे नाही." पोराने गिटार पिशवीत घातली ती दीड महिना काढली नाही. माझा राग त्या दीड महिन्याचा आहे.

मी मराठीचा मास्तर. तीस वर्षे शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवली, एवढाच माझा संगीताशी संबंध. पण कान शाबूत आहेत.

आधी त्या 'डिस्टॉर्शन' शब्दाकडे वळू. आमच्याकडे एक वडीलधारे म्हणाले, म्हणजे विकृतीच ना? अहो, आपल्या संगीतात कोमल आणि तीव्र स्वरांना विकृत स्वरच म्हणतात. कोमल गंधाराला ती शिवी वाटते का? आणि तंबोरा घ्या. घोडीवर तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवतात, तो जीवा. त्याने तार घोडीच्या माथ्याला किंचित घासत थरथरते आणि मूळ स्वराच्या वरचे बारीक स्वर फुलतात. ती जवारी. मिरजेचे कारागीर जवारी लावण्यात हयात घालवतात. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. गिटारच्या अँपमध्ये व्हॉल्व्हला झेपणार नाही इतका जोर दिला की लहरींचे शेंडे छाटले जातात आणि तिथेही असेच वरचे स्वर जन्माला येतात. १९६४ साली इंग्लंडच्या किंक्स बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने त्यासाठी स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला होता! गंमत म्हणजे या फाटक्या आवाजात सगळ्यात छान लागतात ते षड्ज आणि पंचम. जास्त स्वर घातले की त्यांची आपसात भांडणे होऊन चिखल होतो. पोरे ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात ती आपल्या तंबोऱ्याचीच जुळणी आहे की!

आता 'खरा अँप'. १९७९ साली बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला. त्यालाही नाके मुरडणारे होतेच. आज किती घरांत रियाज त्याच्यावर चालतो ते बघा. मॉडेलरचेही तेच. लाइन सिक्स कंपनीचा लाल पॉड १९९८चा, केम्पर २०११चा, आणि आता तर न्यूरल अँप मॉडेलर नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. पुतण्याचे मत बहुधा त्या लाल डबीच्या काळात पक्के झाले असावे. खरा अँप खोलीत वाजताना छातीवर हवा आदळते, हे मला मान्य आहे. पण रेकॉर्डिंगमध्ये ती हवा कुठे असते? तिथे ऐकू येतो तो स्पीकरपुढे ठेवलेल्या माइकने पकडलेला आवाज. मॉडेलर नक्कल करते ती त्याची.

मग माशा कुठून आल्या? मीच पोराला म्हटले, काढ ती गिटार, बघू. तीन रविवार गेले. (ही म्हणाली, "हाई काय शे?" आणि कानात कापूस घालून बसली.)

पहिल्याच रविवारी चोर सापडला. त्याने एका व्हिडिओतली सेटिंग्ज जशीच्या तशी उतरवली होती. त्या व्हिडिओतल्या माणसापुढे खराखुरा स्पीकर होता, म्हणून त्याने डबीतला कॅबिनेटचा भाग बंद ठेवलेला. आमच्याकडे स्पीकर कुठला! गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही बाहेर येऊ देत नाही, तो चाळणीचे काम करतो. चाळणीच नाही तर कोंडा पिठात येणारच. कॅबिनेट चालू केले आणि निम्म्या माशा उडाल्या. उरलेला किणकिणाट वरच्या बाजूने आणि ऐंशी हर्ट्झच्या खालची घुमघुम खालच्या बाजूने छाटली.

दुसरे म्हणजे गेन. बटण नवावर होते. आम्ही मिरचीच्या जिल्ह्यातली माणसे, नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल गालिचे वाळताना बघत मोठे झालो, पण म्हणून कोणी भाजीत मूठभर तिखट टाकत नाही. चारवर आणले तर प्रत्येक आघात वेगळा ऐकू आला. जाडी हवी होती ती दुसऱ्या मार्गाने आली. तोच तुकडा त्याने दोनदा वाजवला, एक डावीकडे, एक उजवीकडे. आधी तो एकच रेकॉर्डिंग कॉपी करून दोन्ही बाजूंना ठेवत होता. तसे केले तर आवाज मधोमधच बसतो. दोन माणसांनी आरती म्हटली की थोडे पुढेमागे होते ना, भरदारपणा त्या पुढेमागेमध्ये असतो. अर्थात दोनदा तेच वाजवायचे तर हात बसलेला हवा. इथे पोराचा घाम निघाला.

आणखी एक. रात्री हेडफोनवर हळू आवाजात तो बास आणि ट्रेबल वाढवून मध्य कापायचा. हळू आवाजात कानाला खालचे-वरचे कमीच ऐकू येते, त्यामुळे रात्री छान वाटायचे आणि सकाळी ढोलाबरोबर लावले की गिटार गायब. मध्य परत आणला.

खर्च किती? शून्य रुपये. पुतण्याने सांगितलेल्या अँपची किंमत मी लिहीत नाही, सूनबाई वाचतात.

तेव्हा बाळा, नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मी तुला चौथीत शिकवली होती. नवे रेकॉर्डिंग काल पाठवले आहे. त्यात काठीच्या होळीत ऐकून बसवलेला ढोलाचा ठेका आहे, तो मोठ्याने ऐक. दिवाळीला येशीलच. येताना अँप आणू नकोस, आमच्या जिन्यातून वर चढायचा नाही. नुसता ये, आणि पोराशी स्वतः बोल.